कुलूप पाहिले

बिराप्पा सरगर बोलताना 'बगितलं' म्हणायचे आणि लिहिताना 'पाहिले' लिहायचे. हिरव्या शाईने, पुढे ठसठशीत पूर्णविराम, खाली तारीख. बाकी वहीभर त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं, पण 'पाहिले' एवढं सुवाच्य की पोरांना गिरवायला द्यावं. तेवीस वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी न बघितलेल्या एकाही वस्तूपुढे त्यांनी हा शब्द लिहिला नाही. आणि त्यांची नोकरी गेली, नाव गेलं, ते याच शब्दापायी. त्या वेळी तो त्यांनी लिहिलेला नव्हता. हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणालाही नाही. ते का, हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचा मला अधिकार नाही. पण आधी माणूस सांगते.

भवानी पेठेत खाली सुताचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर आमचं सीएचं ऑफिस. मी तिथे कॉम्प्युटरवर नोंदी करते. रेणुका चिलका माझं नाव. घरात तेलुगू, शाळा मराठी, नवऱ्याचे चार यंत्रमाग. आता माग बंद आहेत, नवरा घरी असतो. ऑफिसचं एक मोठं काम म्हणजे बँकांसाठी माल तपासणं. कारखानदाराला बँक कर्ज देते ती गोदामातल्या मालाकडे बघून. तो माल खरंच तिथे आहे का, हे दरसाल कुणीतरी जाऊन बघायचं आणि बँकेला लिहून द्यायचं. लिहून द्यायचे आमचे मोठे साहेब. जाऊन बघायचे सरगरसर. ते स्वतः सीए नव्हते. परीक्षेला दोनदा बसले, दोनदा आपटले, आणि तिसऱ्यांदा फी भरायच्या ऐवजी त्या पैशात त्यांनी सायकल घेतली. 'सरगरसर' म्हणताना नवीन आलेल्यांची जीभ हटकून अडखळायची आणि 'सरसर' व्हायचं. ते म्हणायचे, चालंल, ह्या वयात तेवढं तरी सरसर होऊ द्या.

मंगळवेढ्याकडच्या कोरड्या गावातलं त्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की त्यांच्याकडे मेंढरं मोजत नाहीत. मोजली की घटतात, अशी समजूत. वडील संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहायचे, कळप आत जायचा, आणि शेवटचं मेंढरू गेलं की ते नुसतं म्हणायचे, कानतुटी आली न्हाय. मग सगळे कानतुटीला शोधायला जायचे. वडिलांना शंभरापुढे आकडे येत होते की नाही कुणास ठाऊक, पण एक मेंढरू कधी हरवलं नाही. सरगरसर तेच शास्त्र घेऊन ऑडिटमध्ये आले होते. मोजणाऱ्याला कितीबी फशिवता येतं, असं ते सांगायचे, वळखणाऱ्याला न्हाय.

याचा प्रताप मी स्वतः बघितलेला आहे. एका चादरवाल्याची दोन गोदामं होती, एक गावात, एक अक्कलकोट रोडला. सकाळी पहिलं बघून झालं. मग त्या शेटजींनी जेवणाचा असा काही आग्रह धरला की विचारू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही, वर पुन्हा आमटी. दीड तास जेवण चाललं. दुपारी दुसऱ्या गोदामात गेलो तर तिथेही गाठींच्या थप्प्या छताला टेकलेल्या. आकडा कागदाशी तंतोतंत जुळत होता, मी तर टिपून घ्यायलाही लागले होते. सरगरसर मात्र खालच्या थरातल्या एका गाठीसमोर उकिडवे बसले. तिची शिवण अर्धी पांढऱ्या दोऱ्याची, अर्धी काळ्या दोऱ्याची. शिवणाऱ्याचा पांढरा दोरा संपला असणार. ते शेटजींना म्हणाले, "ही गाठ आमच्याआधी जेवून हितं आलेली दिसती." शेटजींचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात सकाळच्या गोदामातलाच माल टेम्पोने पुढे गेला होता.

त्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकाकडचं जेवण सोडलं, चहासुद्धा काम संपेपर्यंत नाही. भाकरी फडक्यात, पाणी बाटलीत, आणि बसचं तिकीट वहीच्या त्या त्या पानावर डिंकाने चिकटवलेलं. पंचावन्नाव्या वर्षीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते थप्पीवर चढायचे आणि मधल्या गाठी मुठीने ठोकून बघायचे, कारण कैक थप्प्या बाहेरून भरलेल्या आणि आतून पोकळ असतात. डाळ मिलमध्ये पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. संध्याकाळी ऑफिसात आले की त्यांच्या बाहीच्या वासावरून मी सांगायची, आज तूरडाळ का आज सरकी. ते हसायचे, आणि माझी फिरकी घ्यायचे. मला यादी भरायची ती शेवटच्या ओळीपासून वर यायची सवय आहे. नवीन नोंदी तळाशी येतात, मग वरून सरकत खाली कशाला जायचं, हा माझा हिशेब. ते म्हणायचे, रेणुकाबाईंचं समदं खालनं वर. भाकरी बी पापुद्र्याकडनं न्हाय, बुडाकडनं खात आसतील.

त्यांच्या लेकीच्या लग्नाची गोष्ट ऑफिसात कितीतरी दिवस चघळली गेली. मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला. कार्यक्रम झाला, पोहे झाले, घरातले सगळे खूश. मी विचारलं, काय सर, मुलगा पाहिला म्हणे. ते म्हणाले, "दावलाय त्यांनी. मी आजून बगितला न्हाय." मला वाटलं थट्टा आहे. पुढच्या आठवड्यात रजा काढून ते कुणाला न सांगता श्रीपूरला गेले आणि कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर अख्खी पाळी बसून राहिले. ऊसतोडवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, बैल तापलेले, माणसं कावलेली. त्यांचा होणारा जावई त्या गर्दीत नंबर लावत होता, आणि कुणाशी कसा बोलतो हे त्यांनी कुणाकडून ऐकलं नाही, स्वतः बघितलं. परत आले ते वहीत लिहूनच. लग्न झालं, चांगलं चाललंय. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला हे सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण त्या हाताखाली हसूही असायचं.

मग मोठे साहेब अंथरुणाला खिळले आणि पुण्याहून त्यांचा मुलगा आला, निखिलसाहेब. तो वाईट असता तर मी कधीच मोकळी झाले असते. हुशार, कष्टाळू, कुणाला अरे-तुरे नाही. फक्त घाई फार. त्याने सॉफ्टवेअर आणलं. गोदामाचे फोटो कारखानदाराने मोबाइलवरून पाठवायचे, फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटते, आणि गाठी किती हे यंत्र मोजून सांगतं. नवीन मुलं दिपून गेली, मीसुद्धा. सगळ्यात शेवटी एक चौकट होती, मालाची प्रत्यक्ष पाहणी केली आहे, अशा अर्थाची. तिथे टिक पडल्याशिवाय अहवाल बँकेकडे जात नसे, आणि ती टिक फक्त सरगरसरांच्या नावाने उघडलेल्या खात्यातूनच करता यायची. मोठ्या साहेबांनी मुलाला घातलेली तेवढी एक अट होती.

पासवर्ड मी घातला. बिरोबा आणि पुढे एक-दोन-तीन. त्यांना दाखवायला गेले तर त्यांनी मान फिरवली. "ते तुमीच काय ते बगा," ते म्हणाले, आणि वहीवर हात ठेवला, "माझं हितं हाय." माझ्या मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो पासवर्ड दोन वर्षं होता, झाडूवालीलासुद्धा पाठ असेल. ते वहीतून वाचून दाखवायचे, मी त्यांच्या नावाने टिक करायची. खिडकीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून ते बसत, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचं नाव मी वापरत असे. जो माणूस जावई दाखवल्यावर विश्वास ठेवत नव्हता, त्याने आपली सही अशी उघड्यावर टाकली. कारण यंत्रातली टिक म्हणजे आपला शब्द, हे त्यांना कधी पटलंच नाही. त्यांचा शब्द हिरव्या शाईत होता. यंत्राचा त्यांना एवढा तिटकारा, की त्यात आपण किती अडकलोय हे बघायलाही ते गेले नाहीत. मी त्यांना दहादा समजवायला हवं होतं. मला ते सोयीचं होतं, म्हणून गप्प राहिले.

ज्या कारखान्यामुळे सगळं झालं त्याचं नाव मी घेत नाही. टॉवेलचा होता, एमआयडीसीत. त्या मार्चमध्ये सरगरसर तिथे चार वेळा गेले आणि चारही वेळा गोदामाला कुलूप. किल्लीवाला गावाला गेलाय, मालक मुंबईला आहेत, उद्या या. चौथ्या दिवशी परत आले आणि वही उघडून मला वाचून दाखवायला लागले. चार तारखा, चार तिकिटं, आणि प्रत्येक तारखेपुढे तेच वळणदार अक्षर: 'कुलूप पाहिले.' मी हसत सुटले. विचारलं, सर, हे आता सॉफ्टवेअरमध्ये कुठे भरू? ते म्हणाले, रिकामं ऱ्हाऊ द्या. कुलूप बी खरंच हाय की.

एकतीस मार्चची दुपार. अकरा अहवाल अडकलेले. त्यातले दहा त्यांनी डोळ्यांनी बघितलेले आणि मला वाचून दाखवलेले, आणि एक हा. निखिलसाहेब माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. टॉवेलवाल्यांचे फोटो आलेत, गाठींचा आकडा जुळतोय, सगळं हिरवं आहे, तर अडलंय कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सरांनी पाहिलं नाहीये. तो म्हणाला, फोटो आहेत, म्हणजे पाहिल्यातच जमा. मी म्हटलं, एकदा विचारते त्यांना. ते माझ्यापासून चार हातांवर, पाठ करून, वहीत तिकीट चिकटवत होते. निखिलसाहेब खाली वाकला आणि हळूच म्हणाला, नका विचारू, पाचव्यांदा कुलूप बघायला जातील. आणि मला हसू आलं. अगदी खळखळून आलं. सरगरसरांनी मान न वळवता विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, काही नाही, सर. आणि अकराच्या अकरा टिक केल्या.

गणपती झाले आणि कारखाना बंद पडला. मालक पसार. दोनशेच्या वर बायामाणसांचा पगार अडकला, त्यातल्या दोघी माझ्या गल्लीतल्या. बँकेने कुलूप तोडलं तेव्हा दर्शनी रांगेत गाठी होत्या आणि मागे लाकडी खोकी, चिंध्या आणि हवा. फोटो दर्शनी रांगेचेच होते. बँकेने अहवाल काढला. त्यावर लिहिलं होतं, मालाची प्रत्यक्ष पाहणी केली, बी. सरगर. निखिलसाहेबाने त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि बँकेला कळवलं की पाहणीची जबाबदारी पूर्णपणे त्यांची होती. ते खोटं नव्हतं. पाहणीची जबाबदारी त्यांचीच होती.

त्यानंतरचे सरगरसर आठवायला मला नको वाटतं. तेवीस वर्षांच्या वह्या दोन नायलॉनच्या पिशव्यांत भरून ते दारोदार फिरले. बँकेत गेले, वकिलाकडे गेले, दुसऱ्या सीएंकडे गेले. मोठ्या साहेबांच्या उशाशी जाऊन बसले, पण त्यांना बोलता येत नव्हतं. सगळीकडे ते ते पान उघडायचं, 'कुलूप पाहिले' दाखवायचं, तिकीट दाखवायचं. सगळीकडे उत्तर एकच, सिस्टीममध्ये काय आहे ते सांगा. बँकेच्या माणसाने तर सरळ विचारलं की ही शाई मार्चची आहे का मागच्या आठवड्यातली, हे कोण ठरवणार? तिकीट खरं धरलं तरी तुम्ही तिथे गेला होतात एवढंच कळतं, आत गेला नाहीत हे कुठे कळतं? हिरव्या शाईवर जन्म काढलेल्या माणसाला हे कुणीतरी तोंडावर विचारलं. ते ऑफिसच्या खाली सुताच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, वर यायची बंदी होती म्हणून. शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब राहायला लागली होती. मी जिन्यावरून उतरताना ते उठून उभे राहायचे. मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, उशीर होतोय सर, असं म्हणून निघायची. असं मी किती दिवस केलं ते सांगत नाही.

एका रविवारी वहिनींचा फोन आला. ह्यांचं काय चाललंय मला कळत न्हाय, येऊन जावा. होटगी रोडच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या. ते जमिनीवर बसले होते, भोवती वह्या उघड्या पडलेल्या. वहिनींनी शेंगदाणे आणि गूळ पुढे ठेवला आणि आत गेल्या. सरगरसरांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "रेणुकाबाई, मीच केली आसंल का हो ती टिक?"

मला कळेना ते काय म्हणतायत. ते सांगायला लागले की हल्ली रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, आपण कधीतरी मान डोलावली असेल, तुम्ही विचारलं असेल आणि आपण व्हय म्हणालो असू. आपल्याला आठवत नसेल. वय झालं. मग आजवर आपण जे जे पाहिले म्हणून लिहिलं त्यातलं किती खरं? म्हणून ते पहिल्या वहीपासून वाचत होते, एकेक पान, आणि कुठल्या गोदामाचं दार कसं होतं ते आठवतंय का हे तपासत होते. बँकेचं सगळं एका बाजूला. माणूस स्वतःलाच फसवणारा आहे का, याचं ऑडिट चाललं होतं.

त्यांच्या मांडीवर बँकेकडून मिळालेला एक कागद होता. त्या दुपारी कुठली टिक किती वाजता झाली, याची यादी. "हे बगा," ते म्हणाले, आणि बोट ठेवलं. अकरा नंबर पहिला. मग दहा. मग नऊ. मग आठ. बोट वर वर सरकत गेलं. चारपर्यंत, टॉवेलवाल्यांच्या ओळीपर्यंत, आलं आणि थांबलं. ते यादीकडेच बघत राहिले, माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मी म्हटलं, "सर, मी केली. तुम्हाला न विचारता केली."

त्यांनी त्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "त्या टायमाला तुमी हसला हुता. मी इचारलं हुतं, काय झालं." मी म्हटलं, हो. मला वाटलं आता ते मला हाकलून देतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हंजी मी न्हाय केली," असं म्हणाले, दोनदा, तीनदा, आणि रडायला लागले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सोमवारी बँकेत जबाब होते, सरांचा आणि माझाही. सरांनी विचारलं, सोमवारी सांगशीला? मी सांगते म्हटलं. वहिनींनी ते ऐकलं. मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा उरलेले शेंगदाणे कागदात बांधून त्यांनी माझ्या पिशवीत घातले.

निखिलसाहेबाला ते कसं कळलं ते कळलं नाही. बहुतेक माझ्याच तोंडावरून. सोमवारी सकाळी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. दमदाटी केली नाही. शांतपणे सांगितलं की दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून टिक करणं हा गुन्हा आहे, पोलीस आधी तुमच्याकडे येतील, मग माझ्याकडे. ऑफिस बंद पडेल, नऊ जणांची चूल. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे हे त्याला माहीत होतं, तिची फी त्यानेच एकदा आगाऊ दिली होती. त्याचा उल्लेख त्याने केला नाही. खोटं बोला असंही म्हणाला नाही. म्हणाला, जेवढं विचारतील तेवढंच सांगा. माझ्या सबबी सगळ्या खऱ्या होत्या. म्हणूनच कामाला आल्या.

बँकेच्या वरच्या मजल्यावर एक लांब टेबल, पलीकडे पुण्याहून आलेले चौकशी अधिकारी, बाजूला टाइप करणारी मुलगी. सरगरसर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पिशव्या पायाशी. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. मी आत गेले तेव्हा ते माझ्याकडे बघून किंचित हलले, बस मिळाल्यावर माणूस हलतो तसे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, सरगरांच्या खात्यात नोंदी कोण करतं? मी म्हटलं, मी. कशावरून करता? मी म्हटलं, "सर वहीतून सांगतात, तसं मी भरते." मग त्यांनी विचारलं, एकतीस मार्चला या कारखान्यापुढे टिक केली ती कुणाच्या सांगण्यावरून?

टाइप करणारी मुलगी थांबली होती. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं जुनं कॅलेंडर बघत होते.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

सर सांगतात तसं मी भरते, आणि आठवत नाही. दोन वाक्यं. पहिलं तेवीस वर्षं खरं होतं. दोन्ही शेजारी शेजारी टाइप झाली की त्यांचा अर्थ काय होतो हे मला कळत होतं, मी हेच काम करते. अधिकारी सरगरसरांकडे वळले. विचारलं की तुम्ही त्याच खोलीत होता. तुम्ही सांगितलं नाही म्हणता, तर मग टिक कुणी केली ते तुम्हाला माहीत असेलच. नाव सांगा, मी लिहून घेतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली, कारण तेवढं तरी करायला हवं होतं. त्यांच्याकडे यादी होती, उलटी चढत गेलेली. माझं हसू होतं. रविवारचा माझा शब्द होता. एका नावात त्यांची सुटका होती आणि ते नाव समोर बसलं होतं.

"ऐकलंया साहेब," ते म्हणाले. "बगितलं न्हाय. माझी पाठ हुती."

अधिकारी वैतागले. ऐकलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते सांगा. सरगरसरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "न बगितलेलं मी लिवून देत न्हाय," ते म्हणाले. यात मला वाचवायचा मोठेपणा नव्हता, असलाच तर मला दिसला नाही. त्यांना दुसरं येतच नव्हतं. मुलीने ते वाक्य टाइप केलं आणि अधिकाऱ्यांनी त्याखाली त्यांची सही घेतली.

मी बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन. मला बघून त्या लगबगीने उठल्या. माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले. त्यांचे हात गरम होते.

"ताई, तुमी हुता म्हणून बरं झालं," त्या म्हणाल्या. "तीन म्हैनं झोप न्हवती ह्यांना. आता झोपत्याल."

माझ्यामागे दार उघडलं आणि सरगरसर पिशव्या घेऊन बाहेर आले. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता ते बोलतील. त्यांनी एक पिशवी बायकोकडे दिली. "चल," ते तिला म्हणाले, "बस चुकंल." आणि पुढे होऊन जिना उतरायला लागले. वहिनी त्यांच्यामागे गेल्या. वळणावर त्या थांबल्या, डबा काखेत धरला आणि खालून मला हात जोडले. मीही जोडले.